दुबईचं बिऱ्हाड खान्देशात आणताना

दुबईत नऊ वर्षं काढून आम्ही जळगावला परत आलो. निघताना जे कळायला हवं होतं ते बरंचसं पोचल्यावर कळलं. गेल्या काही महिन्यांत धुळ्याहून, चोपड्याहून, शहाद्याहून माहेर-सासरच्या ओळखीतून फोन आले: "ताई, आम्हीपण निघतोय, सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सुरुवात खोक्यांपासून करू नका. सगळे तिथेच चुकतात. सुपरमार्केटच्या मागून रिकामी खोकी आणायची, चिकटपट्टीचे रोल घ्यायचे आणि कपाटातली वरची फळी काढायला लागायचं. खोकी सगळ्यात शेवटी. आधी मोजपट्टी घ्या, आणि तीही दुबईतल्या घरात नको. ज्या घरात जायचंय तिथल्या माणसाच्या हातात द्या.

आधी जिना मोजा

आमचा सोफा सात फुटांचा. चांगल्या लाकडाचा, हौसेने घेतलेला. तो न्यायचाच असं नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. सहज म्हणून मोठ्या दिरांना व्हिडिओ कॉलवर जिना मोजायला सांगितलं. भाऊजींनी टेप लावली: रुंदी दोन फूट नऊ इंच, आणि मध्ये काटकोनात वळण. सोफा तिथेच संपला. मग आम्ही वही घेऊन बसलो आणि एकेक वस्तू त्या घरात "ठेवून" बघितली. कपड्याचं मशीन? मोरीत नळाला रोज पाणी येत नाही, टाकीचा दाब कमी, पाणी जड. विका. मोठा फ्रीज? सासूबाई फोनवरच म्हणाल्या, "दिनभर लाईट ऱ्हास नही, एवढं थंड कोनले लागस?" विका. टीव्ही तर नकोच. सपाट पडद्याचा टीव्ही सामानाच्या साध्या सवलतीत बसत नाही, त्यावर वेगळं शुल्क पडतं, आणि वाटेत काच फुटायची भीती ती वेगळीच.

एक सोय मात्र आहे. तिकडची वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ. मिक्सर, इस्त्री, व्हॅक्यूम क्लीनर इथे चालतात, फक्त तिकडची चौकोनी तीन पिनांची प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अॅडॉप्टर लावत बसू नका, इथला वायरमन नवी प्लग लावून देतो. अमेरिकेहून येणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांची उपकरणं ११०-१२० व्होल्टची असतात. त्यांनी मिक्सर तिकडेच कुणाला तरी देऊन यावा.

मग आणायचं काय? आम्ही आणलेलं आणि उपयोगी पडलेलं: पुस्तकं, मुलांच्या सायकली, सुती चादरी, नॉनस्टिक नसलेली जाड बुडाची भांडी, हत्यारांची पेटी. ब्लँकेट मी उन्हाळ्याचा विचार करून वाटून टाकले, आणि डिसेंबरात धुळ्याला नणंदेकडे गेल्यावर रात्री दातावर दात वाजले. धुळ्याची थंडी हलक्यात घेऊ नका. दोन तरी ठेवा.

कागद: नव्वद दिवस आधीपासून

सामान राहिलं तर मागाहून कुणीतरी घेऊन येतं. कागद राहिला तर त्यासाठी परत जावं लागतं, आणि तोवर तुमचा व्हिसा गेलेला असतो. म्हणून एकच नियम धरा: ज्या कामाला एमिरेट्स आयडी (तिकडचं सरकारी ओळखपत्र) लागतो ते काम व्हिसा रद्द व्हायच्या आधी. व्हिसा गेला की आयडी गेला, आयडी गेला की बँकेतला माणूस गोड हसून हात वर करतो.

मुलांपासून सुरुवात करा. तिकडे जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात जन्मापासून वर्षाच्या आत झाली होती का, ते बघा. आई-वडील भारतीय असले तरी नागरिकत्वासाठी ती नोंद लागते. बहुतेकांची झालेली असते, कारण त्याशिवाय पासपोर्ट निघत नाही, पण नोंदीचा कागद घरात सापडतोय का ते बघा. तिकडचा जन्मदाखला तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि भारतीय दूतावासाच्या शिक्क्यानिशी आणा. इथे शाळेपासून आधारपर्यंत प्रत्येक ठिकाणी तो मागतात.

शाळा सोडल्याचा दाखला हा दुसरा महत्त्वाचा कागद. दुबईत खाजगी शाळांवर केएचडीए या सरकारी खात्याची देखरेख असते, दाखल्यावर त्यांची मोहर लागते. पुढे मंत्रालयाचा आणि दूतावासाचा शिक्का हवा की नको, हे तिथल्या शाळेला विचारू नका. जळगाव-धुळ्यात ज्या शाळेत घालणार तिथल्या कार्यालयात विचारा. तिथल्या क्लार्कबाई जे म्हणतील ते प्रमाण. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष तिकडे मार्चअखेर संपतं, म्हणून बहुतेक कुटुंबं तेव्हाच निघतात. मुलांसाठी ते सोयीचं, पण त्याचा अर्थ तुम्ही ऐन एप्रिलात खान्देशात उतरता. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आणि एक. अभ्यासक्रम कुठलाही असो, महाराष्ट्रातल्या शाळेत पहिली ते दहावी मराठी शिकावं लागतं, २०२० चा कायदा आहे. आमच्या मोठ्याला शाळेमुळे अरबी अक्षरं वाचता येत होती, पण "ळ" म्हणता येत नव्हता. जळगावला निघालेल्या मुलाला "ळ" येत नाही, म्हणजे गावाचं नावच येत नाही! निघायच्या आधीचे तीन महिने रोज अर्धा तास मराठी वाचन ठेवा. घरातली अहिराणी ऐकून तो इथे आणखी गोंधळणार आहेच, निदान पाया तरी असू द्या.

दात, डोळे, लसी. विमा चालू आहे तोवर सगळ्यांचे दात साफ करून घ्या, चष्मे बदला, लसींच्या नोंदींची प्रत घ्या, चालू गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट लिहून घ्या. तिकडचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. इथली नवी पॉलिसी पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच पैसे देत नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणून भारतातली पॉलिसी तिथे असतानाच सुरू करा. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात धाकटीला उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात ठेवावं लागलं, बिल पूर्ण खिशातून गेलं.

पैसा

क्रेडिट कार्ड पहिलं बंद करा. बंद करायचा अर्ज दिल्यापासून पूर्ण बंद होईपर्यंत महिना-दीड महिना जातो. नोकरी सुटल्याचं बँकेला कळलं आणि कार्डावर किंवा कर्जावर काही बाकी असलं, तर खातं गोठवून ठेवतात, अगदी शेवटचा पगार त्यात असला तरी. बँकेकडून "काही देणं नाही" असं पत्र घ्या आणि त्याची प्रत ईमेलमध्येही ठेवा. कर्ज तसंच टाकून निघून येण्याचा सल्ला देणारे शहाणे भेटतील. त्यांचं ऐकू नका. देश सोडण्यावर बंदी लागू शकते आणि ती विमानतळावर पासपोर्ट दाखवताना कळते.

ग्रॅच्युइटी स्वतः मोजा. तिकडच्या कामगार कायद्यात पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार धरतात. नऊ वर्षं झाली असतील तर १०५ अधिक १२०, म्हणजे २२५ दिवस. लक्षात घ्या, मूळ पगार. घरभाडं, गाडीभत्ता यात येत नाही, आणि म्हणूनच आकडा बघून बहुतेकांचं तोंड उतरतं. करार संपल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. शेवटचा हिशेब हातात आला की सही करण्याआधी एक रात्र घरी आणा.

व्हिसा रद्द करताना आधी बायको-मुलांचा, मग ज्याच्या नावावर ते आहेत त्याचा. उलटं होत नाही.

भारतातल्या बाजूला: कायमचं परत आल्यावर एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं) तसंच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात किंवा आरएफसी खात्यात (परत आलेल्यांचं परकीय चलनातलं खातं) बदलून घ्यायचं. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली मुदत ठेव, मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. प्राप्तिकरात मात्र थोडी मेहेरबानी आहे. मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल, तर निवासी असूनही "सामान्यतः निवासी नाही" अशा वर्गात बसता आणि तिकडच्या व्याजावर त्या काळात इथे कर लागत नाही. वर्षाला महिनाभर आखाजीला किंवा दिवाळीला येणारा माणूस यात आरामात बसतो. सीए गाठताना पासपोर्टची सगळी पानं झेरॉक्स करून न्या, तो दिवसच मोजतो.

दोन्ही देशांचे मोबाइल नंबर जिवंत ठेवा. तिकडचा पोस्टपेड प्रीपेडमध्ये बदला आणि किमान सहा महिने रिचार्ज करत राहा. अनामत परत येणं, शेवटचं बिल, खातं बंद होणं, प्रत्येकाचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आमच्या ओळखीत एकाने विमानतळावर सिम कचऱ्यात टाकलं, आणि अनामतीचे पैसे आजही तिकडच्या खात्यात पडून आहेत.

घर सोडणं

भाडेकरार काढून वाचा. मुदतीआधी निघायचं तर किती दंड, किती दिवसांची सूचना, ते त्यात लिहिलेलं असतं. पुष्कळ करारांत दोन महिन्यांचं भाडं असतं. पुढच्या तारखांचे चेक मालकाकडे असतील ते मोजून परत घ्या, प्रत्येकाचा नंबर टिपून. दीवाचं, म्हणजे तिकडच्या वीज-पाणी खात्याचं, शेवटचं बिल काढायला सांगा. फ्लॅटची त्यांची अनामत २,००० दिरहॅम असते, बिल वजा करून उरलेली परत मिळते, तेवढ्यासाठी बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा. इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद, रद्द करून घ्या. बाहेर सामान काढायला इमारतीचा वॉचमन परवानगीचा कागद मागतो, तो ट्रक दारात आल्यावर नव्हे, चार दिवस आधी.

भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवा, रंगाचा एक हात मारा. मालकाच्या माणसाला अनामतीतून कापायला हेच हवं असतं. रिकाम्या घराचा प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, किल्ली देतानाही.

विकायचं सामान तीन आठवडे आधी जाहिरातीत टाका. जी वस्तू तीन आठवडे आधी पाचशे दिरहॅमला जाते तीच शेवटच्या दिवशी "उचलून न्या, पुण्य लागेल" अशी होते. गाडी दोन आठवडे आधी विका आणि उरलेले दिवस भाड्याची घ्या. गाडीवरचा दंड, सालिकची (रस्त्यावरच्या टोलची) बाकी तपासून. पलंग शेवटपर्यंत ठेवू नका, दोन गाद्या ठेवा. शेवटची रात्र शेजारच्या मल्याळी ताईंनी त्यांच्याकडे झोपवलं. त्यांनी अप्पम करून दिले, आणि मी त्यांना माझा काळ्या मसाल्याचा डबा दिला, अर्धा भरलेला. शेवभाजी कशी करायची ते कागदावर लिहून दिलंय. त्या अजून फोटो पाठवतात, रंग दर वेळी वेगळा!

सोनं

जळगावचं माणूस दुबईहून निघतंय म्हटल्यावर सराफ बाजारातल्या ओळखीपर्यंत सगळ्यांना त्यात रस. एक वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात. अंगावर घातलेले दागिने "हे तर माझं रोजचं" म्हणून सुटतील असं धरून चालू नका. नाणी, बिस्किटं यात नाहीत. लग्नातले दागिने तुम्ही भारतातून नेले असतील, तर जुन्या पावत्या आणि लग्नातले फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सवलतींच्या रकमा बदलत राहतात, तिकीट काढल्यावर एकदा कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघाच. बाकी, जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणलं, तेव्हाच दुबईहून आणण्यातला मोठा नफा गेला. चार बांगड्यांसाठी कस्टम्सच्या लाल-हिरव्या रांगेत घाम गाळण्यापेक्षा जे आहे ते सांगून मोकळं व्हावं, असं माझं मत.

खोकी, आता

समुद्रमार्गे कार्गो घनमीटरने मोजतात, विमानाचा किलोने. म्हणून जड आणि लहान ते समुद्राने: पुस्तकं, भांडी, हत्यारं. कार्गोवाला ठरवताना दर "घरपोच" आहे की न्हावा-शेवा बंदरापर्यंतच, आणि कस्टम्सचा क्लिअरिंग एजंट कुणाचा, हे लेखी घ्या. दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर राहून कायमचं परत येणाऱ्याला वापरलेल्या घरगुती सामानावर मोठी सवलत मिळते. त्याला "ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स" म्हणतात, आणि मधल्या काळातल्या भारतभेटींचे दिवसही त्यात बघतात. म्हणून पुन्हा तेच, पासपोर्टची सगळी पानं.

प्रत्येक खोक्यावर नंबर, तिन्ही बाजूंना. वहीत त्या नंबरासमोर आतल्या वस्तू आणि अंदाजे किंमत. "स्वयंपाकघर इतर" असं लिहू नका, मी लिहिलं होतं. जहाजाचा प्रवास थोड्या दिवसांचाच असतो, वेळ बंदरात जातो. आमचं सामान सहाव्या आठवड्यात आलं. म्हणजे पहिले सहा आठवडे तुम्ही विमानातल्या बॅगांवर जगणार, तेवढ्याच्या हिशेबाने बॅगा भरा: शाळेचे कागद, सुती कपडे, औषधं, एक कुकर. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकली तर बॅग उघडायला बोलावतात. सगळे मूळ कागद एकाच फाइलमध्ये आणि ती फाइल कुणा एकाच्या खांद्याला, उतरेपर्यंत.

मुंबई ते खान्देश

रेल्वेने यायचं म्हणाल तर हिशेब असा: थ्री एसीत माणशी ४० किलो मोफत, ५ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मं. दोन मोठे, दोन लहान म्हणजे १२० किलो. विमानात माणशी ३० धरले तर तेही १२०. कागदावर बरोबर जुळतं. पण जळगावला गाडी दोन-चार मिनिटं थांबते, आणि आठ मोठ्या बॅगा, दोन झोपलेली मुलं त्या वेळात खाली उतरवणं हा खेळ मी एकदाच बघितला, पुन्हा नको. भुसावळपर्यंत जाऊन तिथे उतरा, गाडी जास्त थांबते, किंवा सरळ मुंबईहून क्रूझर गाडी करा.

गाडीने येणार असाल तर रात्री नऊ-दहाला मुंबईत उतरणारं विमान घ्या. कसारा घाट, नाशिक, मालेगाव करत पहाटे धुळे, तिथून पारोळा-एरंडोल मार्गे सकाळी जळगाव. सकाळचं विमान घेतलंत तर भर दुपारी आग्रा रोडवर असाल. तुम्ही म्हणाल, दुबईत काय ऊन नाही का? आहे, पण तिथे आपण घरातून गाडीत आणि गाडीतून मॉलमध्ये. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, वीज दुपारी दोनला जाते, आणि मुलं गल्लीत खेळायला पळतात. पहिले आठ दिवस त्यांना अकरा ते पाच घरात ठेवा, पन्हं द्या, डोक्याला ओला रुमाल बांधा. सासूबाईंनी दोघांच्या खिशात कांदा ठेवला होता. त्याने काय होतं माहीत नाही, पण मुलं त्या निमित्ताने टोपी घालायला विसरत नव्हती. कूलर आधीच भरून, पॅड बदलून ठेवायला घरी सांगा, उतरल्यावर नव्हे.

आल्यावर लगेच: मुलांचं आधार, तुमच्या आधारवरचा पत्ता, वाहन परवान्याची मुदत. परवाना संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आमच्या ह्यांनी, दुबईत नऊ वर्षं सहा लेनच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाने, आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला, तोही कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभं राहून.

सामान आलं की

ट्रक दारात आला, सासूबाई ओट्यावर बिबडे वाळत घालत होत्या. खोकी उतरताना बघून म्हणाल्या, "इतलं? बठं दुकानच उचली लयनात का?" त्यांच्या हसण्यात आणि हमालांच्या घाईत मी पावतीवर सही केली. तुम्ही करू नका. आधी वहीतले नंबर खोक्यांशी जुळवा, ओले किंवा फाटलेले खोके तिथेच उघडा, फोटो काढा. एखादं कमी असेल तर पावतीवरच "खोका क्रमांक अमुक मिळाला नाही" असं लिहून मग सही. आमचा अकरा नंबरचा नव्हता. कार्गोवाल्याने आधी "तुम्ही सगळं मिळालं म्हणून सही केलीये" असं ऐकवलं, मग वहीचं पान पाठवल्यावर शोधाशोध केली, आणि बारा दिवसांनी खोका आला.

वहीत अकरासमोर "स्वयंपाकघर इतर" होतं. उघडला तेव्हा आत तीन कुकरांची झाकणं निघाली. कुकर सात नंबरमध्ये होते. जागा वाचवायला मीच झाकणं वेगळी भरली होती. ते बारा दिवस घरातल्या एकुलत्या एका कुकरवर दहा माणसांची डाळ शिजत होती, दोन घाण्यांत. कुकर आणि त्याचं झाकण एकाच खोक्यात भरा, शिट्टी आणि रिंग कुकरच्या आत, कापडात गुंडाळून.